शिष्यत्वाचा जमाखर्च

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूचा एक अगदी व्यवहारी दाखला आहे. कोणास मनोरा बांधावयाचा झाला तर तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो की नाही. पाया घातला आणि पैसा सरला, तर येणारेजाणारे हसतील, असा त्याचा आशय. दाखल्यापेक्षाही तो सांगण्याचा प्रसंग आम्हांस अधिक विचारणीय वाटतो. मागे मोठा समुदाय चालत आहे, आणि हा उपदेशक त्या समुदायाने हरखून न जाता मागे वळतो व त्यांस हिशेब विचारतो. आईबाप, बायकामुले, भावंडे, आणि शेवटी स्वतःचा जीव ह्यांहून मला अधिक लेखणार नसाल तर माझे शिष्य होऊ नका, असे तो बजावतो. अनुयायी जमविण्याची ही रीत खचित नव्हे.

युरोपातील भाष्यकारांनी ह्या वचनाचा कठोरपणा सौम्य करण्यासाठी बरेच श्रम घेतले आहेत, व त्याचे कारणही उघड आहे. ज्या देशात आईच आपल्या तान्ह्या मुलास बाप्तिस्म्यासाठी देवळात नेते, तेथे बाप्तिस्म्यासाठी आईला सोडावयाचे म्हणजे काय, हे कळणे कठीण. डीट्रिख बोनहोफर ह्या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३७ साली शिष्यत्वाच्या मोलाविषयी एक ग्रंथ लिहिला. आपल्या देशातील ख्रिस्ती मंडळीत देवाची कृपा फार स्वस्त झाली आहे, ही त्यातील मुख्य तक्रार. नाझी राजवटीस विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील बंदिछावणीत त्यास फाशी देण्यात आले. तेव्हा त्याने आपल्या ग्रंथाची किंमत स्वतःच चुकती केली. तो ग्रंथ वाचताना आम्हांस मात्र राहून राहून आपल्याकडील माणसे आठवत होती. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात ह्या वचनास भाष्याची गरजच पडली नाही. ते अक्षरशः खरे झाले, आणि तेही वधस्तंभावर किंवा सिंहाच्या पिंजऱ्यात नव्हे, तर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर.

आपल्याकडे ह्या विषयावर जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. मिशनरी चरित्रकार धर्मांतराचा दिवस विजयाचा म्हणून रंगवितात, व आमचे अभिमानी इतिहासकार तोच दिवस फितुरीचा म्हणून नोंदवितात. दोघांचेही लक्ष त्या एका दिवसावर. पण बाप्तिस्मा हा एका सकाळचा विधी आहे. त्यानंतर येणारी दुपार, त्या दुपारी कोणाच्या हातचे जेवावयाचे, पाणी कोठून आणावयाचे, मुलीचे लग्न कोठे जमवावयाचे, आजारपणात उशाशी कोण बसणार, हा जो रोजकीर्दीचा भाग, त्याची पाने फारशी कोणी उलटत नाही. ती उलटून पाहावी एवढाच ह्या लेखाचा हेतु.

'घटस्फोट' हा शब्द आज आपण नवराबायकोच्या काडीमोडीस लावतो. धर्मशास्त्रात तो मूळचा पतिताच्या त्यागविधीचा आहे. जातीबाहेर गेलेला मनुष्य जिवंत असतानाच नातलगांनी जमून पाण्याने भरलेला घट दासीकडून लाथेने उलथवावयाचा, सुतक धरावयाचे, व त्यापुढे त्याच्याशी बोलणे, बसणे, देणेघेणे सारे बंद करावयाचे. म्हणजे ही जिवंत माणसाची उत्तरक्रियाच होय. हा विधी प्रत्येक वेळी यथासांग होत असे असे नाही. परंतु त्यामागील कल्पना घरोघर जिवंत होती. मुलगा ख्रिस्ती झाला म्हणजे तो मेला, हे आईचे नुसते रागाचे बोलणे नसे. शास्त्र आणि रूढी ह्यांनी तिच्या तोंडी घातलेली ती वस्तुस्थिती होती.

मुंबईत ह्या प्रकरणास प्रथम तोंड लागले ते पारशी समाजात. १८३९ च्या मे महिन्यात डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि पालकांनी भराभर मुले काढून घेतल्यामुळे विल्सनसाहेबांची शाळा बरीचशी ओस पडली. चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणाची पाळी आली. तो सज्ञान होता, त्यामुळे त्यास कोणी अडवू शकले नाही. पण त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही पाद्र्यांच्या घरी राहिला होता. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. अन्न मात्र घेतले होते. वय सुमारे बारा वर्षांचे. बापाने कोर्टात अर्ज केला, आणि न्यायमूर्ति सर अर्स्किन पेरी ह्यांनी मुलगा अज्ञान म्हणून बापाच्या स्वाधीन केला.

येथपर्यंतची कथा मिशनऱ्यांच्या हार-जितीची आहे. आम्हांस तिचा पुढील भाग अधिक बोलका वाटतो. श्रीपत बापाकडे परत आला खरा, पण जातीत परत कसा यावा? बाळशास्त्री जांभेकरांनी त्यास प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे असा पक्ष उचलला. बाळशास्त्री म्हणजे मराठी वृत्तपत्राचे जनक, सरकारदरबारी मान्यता पावलेले विद्वान. तरी त्यांस केवढा विरोध झाला, आणि त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या लोकांवरच बहिष्काराची पाळी कशी आली, हे त्या काळच्या कागदपत्रांतून वाचावयास मिळते. बारा वर्षांच्या मुलाने काही दिवस दुसऱ्याच्या हातचे अन्न खाल्ले, एवढ्या एका बाबीवर मुंबई-पुण्याच्या शास्त्रीमंडळींत तट पडले. जाणाराला जेवढी किंमत पडत होती, तेवढीच परतणारालाही पडत होती, हे ध्यानात घेतल्यावाचून पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाचा एकटेपणा नीट समजावयाचा नाही. त्याच्या मागे दार नुसते लावलेले नव्हते. ते चिणून टाकलेले होते.

ह्याच सुमारास मुंबईत काही सुशिक्षित तरुण जातिभेद मोडण्याच्या इच्छेने एकत्र आले होते. दादोबा पांडुरंग प्रभृतींनी स्थापिलेली ती परमहंस मंडळी. तेथे प्रवेश करणाऱ्यास ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे, पण दार लावून! मंडळीचे सभासद पुरेसे झाले म्हणजे आपण उघड होऊ, असा त्यांचा विचार होता. तो दिवस कधी उजाडलाच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटल्याचा बोभाटा झाला, आणि मंडळी जागच्या जागी विरून गेली. त्यांस भ्याड म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. घरी म्हातारे आईबाप, लग्नाच्या बहिणी, जातीवर अवलंबून असलेला सारा प्रपंच, असे असता पावाचा तुकडा तोंडात घालून मुकाट्याने घरी जाणाऱ्या माणसाच्या मनाची काय ओढाताण होत असेल ती त्याची त्यालाच ठाऊक.

ह्या मंडळीत असलेला एक तरुण मात्र दार उघडून बाहेर आला. तो बाबा पदमनजी. बेळगावच्या कासार कुटुंबात १८३१ साली जन्मलेला हा गृहस्थ मिशनच्या शाळांत शिकला, वर्षानुवर्षे मनाशी झगडला, आणि १८५४ साली बेळगावातच, आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत, त्याने बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रात त्याने हा झगडा सविस्तर वर्णिला आहे. त्याचा धर्मखंडनाचा भाग आज वाचवत नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पण निर्णय ठरलेला असूनही आज-उद्या करीत राहणाऱ्या माणसाची जी तगमग त्यात उमटली आहे, ती खरी आहे. १८५७ साली त्याने 'यमुनापर्यटन' ही विधवांच्या दुःखाची कादंबरी लिहिली, तीही केवळ प्रचारबुद्धीने लिहिली असे आम्हांस वाटत नाही. जो मनुष्य स्वतः समाजाच्या बाहेर फेकला गेला, त्याला आत असून बाहेर टाकलेल्या स्त्रीचे दुःख दिसावे ह्यात नवल ते काय?

सरकारने ह्या लोकांसाठी काही केले नाही असे नाही. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात सोडल्याबद्दल कोणाचाही वारसा बुडू नये अशी व्यवस्था झाली. १८६६ साली दुसरा कायदा झाला, तो विवाहाविषयी. धर्मांतर केलेल्या माणसाची पत्नी किंवा पति त्याच कारणाने एकत्र राहण्यास नाकारीत असेल, तर कोर्टाने दोघांची समक्ष गाठ घालून द्यावी, मग एक वर्ष वाट पाहावी, आणि तरीही नकार कायम राहिल्यास विवाह मोडावा, अशी त्यात तरतूद होती. कायदा करणारांचा हेतु चांगला होता ह्यात शंका नाही. पण त्या वर्षभराच्या मुदतीचा विचार मनात आला की आमचे लक्ष कायद्यावरून उडून त्या बाईकडे जाते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. तिला विचारून लग्न झालेले नाही, तिला विचारून नवऱ्याने धर्म बदललेला नाही. आणि आता कोर्टात साहेबापुढे उभी करून तिला प्रथमच विचारीत आहेत की बाई, तुझी मर्जी काय?

हाच प्रश्न एका स्त्रीने स्वतः लिहून ठेवला, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने १९३४ पासून भागशः प्रसिद्ध होऊ लागले. मराठी घरांत त्याचा परिचय करून देण्याची जरूर नाही. वर्गात त्यातील उतारा शिकविताना मुले खळखळून हसतात, आम्हीही हसतो. परंतु तास संपल्यावर खोलीत येऊन बसलो की मनात येते, आपण हसलो ते कशाला? ज्या प्रसंगांना ती बाई हसते आहे, त्यांतील कोणताही एक दुसऱ्या कोणावर गुदरता तर त्याने जन्मभर कपाळाला हात लावला असता.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे, गोखल्यांचे. १८५७ च्या धामधुमीत घरातील एका आप्तास फाशी झाली, आणि तेव्हापासून त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. बाजारातून येणारी प्रत्येक वस्तु, धुता येण्याजोगी असो वा नसो, धुऊन घेतल्यावाचून घरात यावयाची नाही. ज्या मुलीचे बाळपण अशा घरात गेले, तिचा नवरा नारायण वामन टिळक. हा मनस्वी, भटक्या, कवि आणि कमालीचा उतावीळ गृहस्थ. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्याच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने तो भारला गेला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्याने बाप्तिस्मा घेतला. ही बातमी लक्ष्मीबाईंस नवऱ्याच्या तोंडून कळली नाही.

मनोऱ्याचा दाखला येथे पुन्हा आठवतो. टिळकांनी खर्चाचा अंदाज केला असेल. मित्र जातील, मान जाईल, जात जाईल, हे त्यांनी जाणले असेल. पण त्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम दुसऱ्याच्या नावे पडणार होती. लक्ष्मीबाई त्या दिवसापासून सधवा होत्या की नव्हत्या? नवरा जिवंत म्हणून कुंकू आहे. नवरा जातीस मेला म्हणून त्याच्याकडे जाता येत नाही. लहान मुलगा कडेवर. पुढील काही वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या, काही काळ पंढरपुरास होत्या. विठोबाच्या गावात, जेथे जातीचा विसर पडावा म्हणून संतांनी टाळ कुटले, तेथे ही बाई जातीच्या भिंतीमुळे नवऱ्यापासून तुटून बसली होती. टिळक पत्रे लिहीत, कविता लिहीत, येत, भेटत, रडत. त्यांच्या प्रेमाविषयी संशय घेण्यास जागा नाही. पण शिष्यत्वाची आज्ञा ज्याने ऐकली त्याने ती पाळावी हे ठीक. जिने ऐकलीच नाही तिने तिचा दंड का भरावा, ह्या प्रश्नाला आम्हांस त्या शुभवर्तमानातही सरळ उत्तर सापडत नाही, आणि टिळकांनाही ते सापडले असावे असे वाटत नाही.

पुढे त्या नवऱ्याकडे नगर जिल्ह्यात राहावयास आल्या त्या आपल्या अटींवर. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. एका घरात दोन धर्म नांदू लागले, आणि ही व्यवस्था टिळकांनी मान्य केली, हे त्यांच्या बाजूने जमेस धरले पाहिजे. लक्ष्मीबाईंचे मन वळले ते नवऱ्याच्या व्याख्यानांनी नव्हे. माणसांच्या जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आपल्याआपण उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांना स्वतःला पटले. आणि ज्या दिवशी पटले त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे नवऱ्याने आधी धर्म घेतला व मग जात टाकली. बायकोने आधी जात टाकली व मग धर्म घेतला. ह्यातील दुसरा क्रम अधिक पक्का, असे आमचे मत आहे.

त्याच सुमारास दुष्काळ पडला होता. टिळकांच्या घरात उपाशी, आजारी, अनाथ पोरांची भर पडत गेली. कोणत्या जातीचे, हे विचारण्यात अर्थ नव्हता, आणि मिळकत तर बेताची. त्या मुलांस न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या उवा काढणे, त्यांच्या ताटातले शिल्लक राहिले तर आपण जेवणे, हे सारे त्या बाईच्या वाट्यास आले, जिच्या बापाने अडक्याची वस्तुही धुतल्याशिवाय घरात घेतली नव्हती. टिळक उदार होते. पण औदार्याचे भांडे घासणारा हात दुसराच होता.

टिळकांची स्वतःची किंमत निराळ्याच पेठेत वसूल झाली. हिंदु समाजाने त्यांस टाकले; पण मिशनच्या छत्राखाली गेल्यावर त्यांच्या ध्यानात आले की तेथेही एक वर्णव्यवस्था आहे. गोरा मिशनरी वर, एतद्देशीय उपदेशक खाली. पगार त्याच्या हाती, हुकूम त्याचा. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीस टिळकांनी ओवी, अभंग आणि भजने दिली. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ति पत्करली, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारण्याचा उद्योग आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस वारले. ज्याने एकदा जात सोडली त्याला दुसऱ्यांदा पगार सोडणे सोपे गेले असेल काय? आमचा अनुभव असा की महिन्याच्या पहिल्या तारखेची सवय जातीइतकीच चिवट असते.

ही दुसरी किंमत, म्हणजे नव्या घरात भरावी लागणारी, पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात फार स्पष्ट दिसते. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडेच दिवस आधी त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनी तेथेच आत्महत्या केली होती. त्या परक्या, थंड गावात ह्या विधवेने ते दुःख कसे गिळले असेल, ह्याची कल्पना करवत नाही. मायदेशी तर गहजब झालाच. पण ज्या भगिनीमंडळाने त्यांस आश्रय दिला, त्यातील सिस्टर जेरल्डिन ह्यांच्याशीही त्यांचे लवकरच खटके उडू लागले. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाने छापला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. वादाचे विषय त्रैक्याचे आणि धर्मसत्तेचे आहेत, तसेच अंड्याचे आणि दागिन्याचेही आहेत. रमाबाई शाकाहार सोडीत नाहीत, हा जेरल्डिनबाईंस अहंकार वाटतो. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती भाषा संस्कृतापेक्षा देवाला अधिक प्रिय आहे काय, असा रमाबाईंचा सवाल. त्या चेल्टनम येथे शिकवीत असता पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे काय हा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत पुरुषांसमोर शास्त्रार्थ केला होता तिला हे बंधन! आपण एका धर्मगुरूंच्या जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्यांच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत ढळली नाही.

परत आल्यावर १८८९ च्या मार्चात त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरले होते. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि मुली येऊन बसत. ते दार लावावे की नाही, ह्यावर १८९३ साली पुण्यात रण माजले. रानडे आणि भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्या मते दोन्ही पक्षांस आपापली बाजू होती. परक्याच्या विश्वासाने मुलगी ठेवणाऱ्या पालकाचा राग अनाठायी म्हणता येत नाही. आणि आपल्याच घरात आपल्याच देवाची प्रार्थना दार लावून करा, हे रमाबाईंना सांगणेही शोभत नाही. परमहंस मंडळीचे दार लावलेले होते. ह्या बाईने ते लावण्याचे नाकारले, आणि निम्मे आयुष्य ज्यावर खर्चावयाचे ती संस्था धोक्यात घातली.

ह्याच पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनच्या आवारात काही प्रतिष्ठित मंडळी चहास गेली होती. त्यांत रानडे होते, लोकमान्यही होते. पुढे ह्या चहावरून ग्रामण्य माजले, नावे वर्तमानपत्रात आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचले, आणि १८९२ साली रानड्यांसारख्या हायकोर्टाच्या योग्यतेच्या पुरुषास प्रायश्चित्त घ्यावे लागले. घरातील बायकामुलांचे हाल पाहवत नाहीत, हे त्याचे खरे कारण. ज्यांनी धर्म बदलला नाही, बदलण्याचा विचारही केला नाही, त्यांस एका पेल्यातील चहाची ही किंमत. ह्यावरून ज्यांनी प्रभुभोजनाच्या पेल्यास ओठ लावला त्यांची काय गत झाली असेल, ह्याचे माप वाचकांनीच काढावे.

त्या पेल्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आतापर्यंत आम्ही ज्यांची नावे घेतली ते बहुतेक ब्राह्मण आणि लिहितेवाचते. पण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ह्या लोकांचा नव्हे. तो नगर, औरंगाबाद, जालना ह्या बाजूच्या महार-मांगांचा आहे. त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब आपल्या हाती नाही. पण थोडा तर्काने मांडता येतो. गावगाड्यात महाराचे बलुते, वेसकरकी, वतनाची जमीन, सणावारी मिळणारे वाढप, हे सारे त्याच्या कामाशी आणि गावाच्या देवधर्माशी गुंतलेले. मेलेले ढोर ओढणे व त्याचे मांस खाणे मिशनने वर्ज्य ठरविले. गावदेवाच्या पालखीपुढे वाजविणे वर्ज्य ठरले. मग गावाने बलुते बंद केले तर खावयाचे काय? ब्राह्मण धर्मांतरितास घर गमवावे लागे, पण त्याला अक्षर येत असे. मिशनच्या शाळेत, छापखान्यात, वर्तमानपत्रात त्याची सोय लागे. वेसकराला अक्षर येत नव्हते. आणि आणखी एक विचित्र गोष्ट अशी की नव्या मंडळीत एकाच पेल्यातून द्राक्षारस घेण्याचा प्रसंग येई तेव्हा धर्माची कसोटी ब्राह्मणाची लागे, महाराची नव्हे. दक्षिणेत तंजावरकडे तर उच्च जातीच्या ख्रिस्त्यांनी देवळात वेगळी जागा धरून ठेवली होती, आणि बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनी १८३३ साली पत्र काढून ती बंद करण्याचा हुकूम सोडला, तेव्हा कित्येकांनी देवळात येणेच सोडले. गोमंतकातील ख्रिस्ती ब्राह्मण व चार्डे ह्यांचे भेद तर सर्वश्रुत आहेत.

गोव्याचे नाव निघाले म्हणून एवढे सांगतो की तेथील हिशेबवही अगदी वेगळी आहे. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्पकाळ सोडता, तेथे इन्क्विझिशन चालू होते. १७३६ च्या जाहीरनाम्याने बाटलेल्या लोकांनी दारी तुळस लावू नये, धोतर नेसू नये, मिठावाचून भात शिजवू नये, अशी बारीकसारीक कलमे घातली. येथे धर्म माणसाकडून किंमत मागत नव्हता. सरकार कर वसूल करीत होते. लूकच्या त्या अध्यायातील उपदेशकाने मागे वळून लोकांस जा म्हणून सांगितले होते; पोर्तुगीज न्यायाधीशाने पुढे होऊन जाण्याची वाट अडविली. दोघांच्या मागे चालणारांस एकच नाव आहे, हा भाषेचा दुबळेपणा होय.

महारमांगांच्या हिशेबाला पुढे एक कलम जोडले गेले, ते स्वराज्यात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठरविला. १९५६ साली तो शिखांस व १९९० साली बौद्धांस लागू झाला, ख्रिस्त्यांस झाला नाही. ह्या निर्णयाच्या दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले आहेत आणि वाद न्यायालयांतही गेला आहे. त्यात पडण्याचे हे स्थळ नव्हे. पण ज्याच्या पणजोबाने बाप्तिस्मा घेतला, व जो आजही त्याच वस्तीत राहतो, त्याच आडनावाने ओळखला जातो, आणि सोयरीक जमविताना ज्याची जात पूर्वीइतकीच विचारली जाते, अशा तरुणास शाळेचा फॉर्म भरताना शिष्यत्वाची किंमत रुपयेआण्यांत मोजावी लागते. आमच्या एका विद्यार्थ्याने फी माफीच्या अर्जावर धर्माचा रकाना कोरा ठेवून तो आमच्यापुढे सरकविला होता. काय लिहू, असे त्याने विचारले. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक; आम्हांस उत्तर देता आले नाही. बराच वेळ उभा राहून शेवटी त्याने स्वतःच काय ते लिहिले, व कागद घडी करून नेला. आम्ही तो वाचला नाही.

नीलकंठशास्त्री गोरे ह्यांच्या घरची हकीगत सांगून लेख पुरा करावयाचा होता. काशीतील हा चित्पावन पंडित १८४८ साली जौनपूर येथे ख्रिस्ती झाला. पत्नी मागाहून त्याच्याकडे आली, तिनेही तो धर्म घेतला, आणि १८५३ साली मुलगी झाल्यावर लवकरच ती वारली. ते तान्हे मूल परक्या युरोपियन कुटुंबात वाढले, पुढे विलायतेस गेले. आणि षड्दर्शनांचे खंडन लिहिणारा हा विद्वान बाप उरलेले आयुष्य बैराग्यासारखा हिंडत राहिला. पण लिहिता लिहिता मन पुन्हा लक्ष्मीबाईंकडेच वळते. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लिहावयास घेतले होते. मृत्यूने ते आरंभीच्या थोड्या अध्यायांवर सोडले. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अक्षरओळख नवऱ्याने करून दिलेली, तीही रागावत, रुसत, पाट्या आपटीत. वैधव्यात, मुंबईस वसतिगृहाची देखरेख करून, पुढे मुलाबरोबर कराचीस राहून, म्हातारपणी त्या ते काव्य पुढे लिहीत बसल्या. बहुतेक सर्व अध्याय त्यांच्या हातचे आहेत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा शेवट थोडासा राहिला होता. तो मुलाने लिहिला.